ड्रोनच्या कपाळाला कुंकू

फौजेतल्या सगळ्या नोकरीत मला एक ओरखडाही उठला नाही. बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो, लंगरातली डाळ वर्षानुवर्षं खाल्ली, तरी अंग जसं नेलं होतं तसंच परत आणलं. मला लागलं ते निवृत्त होऊन घरी आलो त्या दिवशी, भर दुपारी, स्वतःच्या अंगणात, आणि तेही मेहुण्याच्या हौसेच्या यंत्रानं.

एरवी हा ओरखडा कुणी मनावर घेतला नसता. पण त्यात माझ्या बायकोचा पेढा अडकला होता.

माझी बायको शालन. लग्नानंतर पहिली सुट्टी संपवून मी निघालो, त्या दिवशी तिनं गावातल्या देवीपुढे उभं राहून नवस बोलला. माणूस नोकरी पुरी करून, अंगावर ओरखडा नसताना, उंबरा ओलांडून आत येईल तोवर मी कंदी पेढा खाणार नाही! सातारा जिल्ह्यात राहून कंदी पेढा सोडणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. इथे मूल झालं की पेढा, मूल पास झालं की पेढा, आणि नापास होऊन रुसून गेलेलं मूल घरी परत आलं तरी पेढा. शालन प्रत्येक वेळी पेढा घ्यायची, कपाळाला लावायची आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या हातावर ठेवायची. (हा शेजारी बसलेला माणूस बहुतेक वेळा तिचा भाऊ प्रमोद असायचा. माझी नोकरी किती झाली ते त्याच्या पोटाकडे बघून कळायचं.)

त्यामुळे मी निवृत्त होऊन आलो तेव्हा गावाला माझ्या पदकांपेक्षा शालनच्या पेढ्याची उत्सुकता जास्त होती. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून बरंच आत. पाऊस बेताचा, मेंढरं भरपूर, आणि घरटी एक माणूस मुंबईला नाहीतर फौजेत. नोकरी पुरी करून आलेल्या जवानाला वेशीपासून वाजतगाजत घरी नेतात. साताऱ्याहून पेढ्यांचा खोका आला होता आणि उंबऱ्याच्या आत समईशेजारी पाटावर बसवला होता. मी आत पाय टाकायचा, पहिला पेढा उचलायचा आणि शालनच्या तोंडात घालायचा. कवायतीपेक्षा सोपं काम होतं.

आता प्रमोद. हा राहतो आष्ट्याला, पेढा असेल तेव्हा आमच्याकडे, आणि लग्नाचे फोटो काढतो. त्यानं नुकताच ड्रोन घेतला होता. महिनाभर तो मला फोनवर सांगत होता, "दाजी, तुमच्या मिरवणुकीवर वरनं झेंडूच्या पाकळ्या सोडतो. आख्ख्या तालुक्यात असं कुणाचं झालं नसंल."

"याआधी उडवलायस का कधी?" मी विचारलं.

"उडवलाय की."

"कुठे?"

"घरात," प्रमोद म्हणाला. "हॉलमधनं किचनमधी."

मी त्याच दिवशी सावध व्हायला हवं होतं. पण फुलं आपल्यावर पडणार असली की माणूस फार चौकशी करत नाही.

वेशीत मिरवणूक तयार झाली. बँजो लागला, गुलालाची पोती सुटली, आणि तात्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. तात्या म्हणजे माजी सुभेदार, गावातले सगळ्यांत जुने पेन्शनर. फेट्याचा शेमला त्यांनी असा लांब सोडला की मी वळलो की तो माझ्यानंतर वळायचा. गळ्यात इतके हार पडले की मला आभाळ तेवढं दिसत होतं. प्रमोद आता ड्रोन उडवणार, तेवढ्यात माझी आई ओवाळायचं ताट घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली.

आमच्या घरात नवी वस्तू पूजेशिवाय चालू होत नाही. आईनं ट्रॅक्टरला ओवाळलं आहे, मिक्सरला ओवाळलं आहे आणि इन्व्हर्टरपुढे नारळ फोडला आहे. (पाणी आत गेलं. दुसरा इन्व्हर्टर आणावा लागला. त्याच्यापुढेही फोडला, पण जरा लांबून.)

"ह्येचं कपाळ कुठं हाय रं?" आईनं विचारलं.

"मावशी, ह्येला कपाळ नसतंय," प्रमोद म्हणाला.

"डोळं हायत का?"

"डोळं हायत. पोटाखाली. उतरताना खाली बघायला लागतंय न्हवं." आणि त्यानं मोठ्या कौतुकानं ड्रोन उलटा करून पोटाजवळच्या दोन बारीक काचा दाखवल्या. तेवढं कौतुक त्यानं केलं नसतं तर पुढचं काही घडलं नसतं.

"डोळं हितं, म्हंजी कपाळ बी हितंच," आई म्हणाली, आणि तिनं ओल्या कुंकवात अंगठा बुडवला. आईचा अंगठा जन्मभर शेतात राबलेला, चांगला रुंद. तिनं टिळा लावला तो दोन्ही काचांवरून सरळ आरपार गेला. वर हळद, वर अक्षता चिकटवल्या. मग काळ्या दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या ड्रोनच्या पायाला बांधल्या.

प्रमोदनं हळूच खिशातून रुमाल काढला.

"काय करतूस?" आई म्हणाली.

"थोडं पुसून घेतो, मावशी. डोळं झाकलं त्येचं."

मिरवणुकीतल्या सगळ्या बायकांनी वळून त्या रुमालाकडे पाहिलं. बँजोवालाही थांबला.

"कुंकू पुसतूस?" आई म्हणाली. "आज? माझं पोरगं फौजेतनं घरी आल्यालं, आन् तू आजच्या दिवशी कुंकू पुसाय निघालायस?"

प्रमोद बहिणीच्या सासरी उभा. त्यानं रुमाल घडी घालून परत खिशात ठेवला आणि कुंकू लावलेला ड्रोन तसाच आभाळात सोडला. उडायला त्याला काही अडचण आली नाही. लिंबू-मिरच्या खाली लोंबत होत्या आणि वरून झेंडूच्या पाकळ्या पडत होत्या. (सगळ्या एकाच ठिकाणी पडल्या. तात्या संपूर्ण मिरवणूकभर डोक्यावर पाकळ्यांचा ढीग घेऊन ताठ चालले. फौजेत आदेशाशिवाय डोकं हलवत नाहीत.) लोक मान वर करून बघत होते. सगळी मिरवणूक खड्ड्यांत पाय घालत, एकमेकांवर आपटत, पण आनंदानं आमच्या दारात आली.

अंगणात शालननं फाटकापासून उंबऱ्यापर्यंत रांगोळी घातली होती. मोर होते, कमळं होती, आणि मधोमध 'सुस्वागतम्'. ती स्वतः दारात निरांजनाचं ताट घेऊन उभी होती. हिरवी साडी, नाकात नथ. मला पाहून ती हसली आणि मग तिनं चटकन मागे वळून पेढ्यांचा खोका जागेवर आहे ना ते पाहिलं. मला तिच्या त्या बघण्याचं फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत इतक्या लोकांनी मला सलाम ठोकला, पण माझ्या धडधाकटपणाची एवढी वाट कुणी पाहिली नव्हती. आता चार पावलं टाकली की झालं.

तेवढ्यात प्रमोद म्हणाला, "दाजी, एक मिनिट थांबा. आधी ह्येला उतरवतो. तुमी आत जाताना पुढनं फोटो पायजे."

ड्रोन खाली आला, गुडघ्याएवढ्या उंचीवर थांबला आणि परत वर गेला. प्रमोदनं पुन्हा खाली आणला. पुन्हा वर. तिसऱ्यांदा तो रांगोळीवर आला तेव्हा त्याच्या पंख्यांच्या वाऱ्यानं आधी 'सुस्वागतम्' उडालं, मग मोर उडाले, मग पायाखालचा सगळा गुलाल उठला. मंडळी गुलाबी होऊन खोकू लागली. शालनच्या ताटातलं निरांजन विझलं.

"अरे, उतरव की त्याला," मी म्हणालो.

"उतरतच न्हाई, दाजी! वर उडायला उपग्रह हायत, पर उतरायला डोळं लागत्यात. त्येला खाली कायतरी आडवं आल्यागत वाटतंय."

"मग कुंकू..." एवढंच मी म्हणालो, आणि तीन बाजूंनी तीन बायका म्हणाल्या, "पुसायचं न्हाई."

मग प्रमोदच्या हातातला रिमोट पीं पीं करायला लागला. बॅटरी संपत आली होती.

"आता पडणार का ते?" तात्यांनी विचारलं.

"पडलं असतं तरी चाललं असतं," प्रमोद रडवेला होऊन म्हणाला. "बॅटरी संपाय लागली की ते जिथनं उडलं तिथं परत जातंय. वेशीत. मधी तारा हायत, विहीर हाय. ताई, गेला गं माझा ड्रोन!"

"आरं, मग धरा की त्येला कुणीतरी," आई म्हणाली.

"तेच म्हणतोय. हातात झेलायचा असतोय. व्हिडिओत झेलत्यात. माझं दोनी हात रिमोटवर हायत."

सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं. का पाहिलं? अंगणात ढोलकी बडवणारे चार तगडे गडी होते. पण छातीवर पदकं माझ्या होती. गावात एकदा फौजी म्हणून नाव झालं की साप निघाला तरी तुम्हालाच बोलावतात आणि गॅसची टाकी गळायला लागली तरी तुम्हालाच.

"तुमी न्हाई," दारातून शालन म्हणाली. "आवं, तुमी आदी आत या."

हे वाक्य मी स्पष्ट ऐकलं. उंबरा समोर होता. शालन बोलवत होती. मी आत गेलो असतो, पेढा भरवला असता, आणि ड्रोन विहिरीत पडलेला खिडकीतून आरामात पाहिला असता.

"चिंता मत करो," मी म्हणालो. "दो मिनट का काम है."

(मी चूक करायच्या बेतात असलो की हिंदीत बोलतो. शालनला हे फोनवरूनही कळायचं.)

मी हात वर केला. ड्रोन बाजूला सरकला. मी पुढे झालो, तो मागे गेला. त्याच्या पोटाखालच्या डोळ्यांवर कुंकू होतं, पण पुढचे डोळे शाबूत होते, आणि त्यांना माझा हात दिसत होता. अंगणभर आमचं हे चाललं. लग्नात नवरीनं ऐनवेळी मान फिरवावी आणि नवऱ्यानं हार घेऊन तिच्याभोवती फिरावं, तसा मी फिरत होतो. बँजोवाल्यानं हलकेच ताल धरला. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि ते टाळ्या वाजवू लागले.

टाळ्या ऐकल्यावर मी उडी मारली.

आणि पकडला! खालून, एका हातात. तो क्षण खरोखर देखणा होता. पण टिकला नाही. मला वाटलं होतं की पकडला की तो गप्प बसेल, कोंबडीसारखा. ड्रोन गप्प बसत नाही. माझ्या हातात तो तिरका झाला, आणि सरळ होण्यासाठी त्यानं असा जोर लावला की माझा खांदाच वर निघाला.

"दाजी, सरळ धरा! तिरका झाला की त्यो जास्त जोर करतोय!"

"बंद कर त्याला!"

"करतोय! करतोय!" असं म्हणत प्रमोदनं घाईत रिमोटची काडी उलटीकडे ढकलली. पंखे दुप्पट वेगानं फिरू लागले. खालचं लिंबू पात्यात सापडलं आणि त्याचा सगळा रस माझ्या डोळ्यांत आला. मला दिसेना. आणि दिसत नसताना माणूस जे करतो तेच मी केलं. आधार म्हणून उजव्या हातातला ड्रोन डावीकडे घ्यायला गेलो आणि उजव्या हाताची बोटं सरळ पात्यांत घातली.

दुखलं का? आधी नाही. आधी नुसता आवाज आला, सायकलच्या चाकात पुठ्ठा घातल्यासारखा. मग लिंबाचा रस जखमेत गेला आणि मी ओरडलो. कुठल्या भाषेत ते आठवत नाही. तेवढ्यात तात्यांनी बांधलेला शेमला वाऱ्यानं उडून पंख्यांत शिरला. फेटा माझ्या डोक्यावरून गरागरा सुटला, सगळाच्या सगळा ड्रोनभोवती गुंडाळला गेला आणि पंखे अडकून बंद पडले. मी उघड्या डोक्यानं, गुलाबी तोंडानं, हातात फेट्यात बांधलेलं ते गाठोडं धरून उभा होतो. लोक अजून टाळ्या वाजवत होते.

मग रक्त रांगोळीच्या उरलेल्या कमळावर पडलं आणि टाळ्या थांबल्या.

मी शालनकडे पाहिलं. ती माझ्या हाताकडे पाहत होती. मग तिनं ताट खाली ठेवलं, ती आत वळली आणि पेढ्यांच्या खोक्याचं झाकण लावलं. मला बोटांचं काही वाटलं नाही इतकं त्या झाकणाचं वाईट वाटलं.

प्रमोदनं मला गाडीत घातलं आणि दहिवडीला नेलं. डॉक्टरांनी फडकं सोडून पाहिलं आणि विचारलं, "कडबा कापायचं कुट्टी मशीन?"

"नाही."

"पाण्याच्या मोटारीचा पंखा?"

"ड्रोन," मी म्हणालो. "हातात झेलत होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "पाती प्लॅस्टिकची दिसतात, पण फिरत असताना ती सुरीच असते. एक हात सापडला की माणूस सोडवायला दुसरा घालतो, दुसरा घातला की तोंड जवळ नेतो. तुमचा डोळा वाचला हे नशीब समजा. पंखे थांबल्याशिवाय हात लावायचा नसतो, हे कुणी सांगितलं नाही?"

"बायकोनं सांगितलं होतं," मी म्हणालो.

"बोट वाकवा बघू."

तेव्हा मात्र मी घाबरलो. तर्जनी होती. सरकारनं ज्या बोटावर इतकी वर्षं भरवसा ठेवला ते बोट माझ्या मेहुण्यानं घालवलं असतं. मी डोळे मिटले आणि जोर लावला. बोट वाकलं. मधलंही वाकलं. प्रमोदला एवढा आनंद झाला की तो कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून रडायला लागला. डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि हाताला एवढी पट्टी गुंडाळली की तो कोबीच्या गड्ड्यासारखा दिसू लागला.

आम्ही परत आलो तेव्हा गाव अंगणातच बसलेलं होतं. जेवणं अडली होती. पेढा अडला म्हणून सगळंच अडलं होतं. नवस पुरा झाला की नाही, यावर दोन तट पडले होते.

"मी सांगतो ऐक," तात्या मला म्हणाले. "आत जाऊ नगं गड्या, आदी निकाल लागू दे. हिशोब सरळ हाय. नोकरी संपली कवा? म्हैना संपला तवा. तवा तुला काय लागल्यालं हुतं का? न्हाई. ह्यो ओरखडा नोकरीतला न्हाईच. ह्यो पेन्शनीतला हाय."

"देवीला पेन्शन कळती व्हय वो?" आई म्हणाली. "ती उंबरा बघणार. उंबरा वलांडला न्हवता. आन् समदं माझ्या कुंकवापायी झालं." एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला. मग प्रमोद म्हणाला की चूक त्याची. मी म्हणालो की चूक माझी. तात्या म्हणाले, शेमला जरा लांबच बांधला गेला. असा प्रत्येक जण चूक आपल्याकडे ओढायला लागल्यावर निकाल काही लागेना.

"झालं का समद्यांचं?" शालन म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"नवस माझा हाय. देवीला मी बोलले हुते, तुमी न्हाई. बोलताना माझ्या मनात एवढंच हुतं, सरकारनं नेल्यालं माणूस सरकारनं जसंच्या तसं परत करावं. सरकारनं वेशीपतोर नीट आणून सोडलं. फुडचं आपल्याकडं हुतं. आपल्या समद्यांच्यानं एक अंगण सांभाळवलं न्हाई, त्यात देवीचा काय दोष? तिनं तिचं काम केलंय."

आणि तिनं माझा डावा हात धरून मला उंबऱ्याच्या आत ओढलं.

मी डाव्या हातानं पेढा उचलला. "डावा हात न्हाई," आई म्हणाली. मग पेढा उजव्या हातातल्या पट्टीच्या गड्ड्यावर ठेवला. तो घरंगळायला लागला. शालन वाकली आणि तिनं तो तिथूनच तोंडात घेतला. पट्टीला औषधाचा वास येत होता. पेढ्यालाही आला असणार. पण ती डोळे मिटून सावकाश चघळत राहिली. मला रडू आलं. (लिंबाचा रस अजून डोळ्यांत आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं.)

तिनं डोळे उघडले, दुसरा पेढा खाल्ला. तिसरा खाल्ला. मग पदर सारखा करून ती देव्हाऱ्यातल्या देवीच्या तसबिरीपुढे उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"आता ह्यो माणूस माझ्याकडंच ऱ्हाणार," ती म्हणाली. "ह्येला कुठं काय न लागता एक वरीस निघालं तर तुझी खणानारळानं ओटी भरीन. आन् तवर पेढा बंद."

आई कळवळून म्हणाली, "आगं पोरी, आत्ता कुठं सुटला न्हवं तुझा पेढा. परत कशाला सोडतीस?"

"मी कुठं सोडते?" शालन म्हणाली, आणि चौथा पेढा उचलला. "ह्ये सोडणार."

तो खोका तिनं प्रमोदलाही दिला नाही, एवढाच मला त्यातल्या त्यात दिलासा. ही गोष्ट होऊन आता बराच काळ लोटला, पण ते एक वर्ष काही पुरं होत नाही, कारण मला काही लागलं की ते पहिल्यापासून मोजावं लागतं. आधी पत्र्यावरून उतरताना शिडी सरकली. मग शेजाऱ्याच्या बोकडानं मागून धडक दिली. आणि परवा शालन बाजारात गेली असताना, घरात कुणी नाही असं बघून, पेढ्यांच्या नव्या खोक्याचं झाकण हळूच उघडायला गेलो, तर त्याची पिन बोटात घुसली.